चारशे बारा किलोमीटर

‘लांब म्हणजे किती लांब?’ मी विचारलं.

‘लांब म्हणजे राजधानीतलं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी पोचतं, एवढं.’

‘हे काही माप नाही झालं, भाऊसाहेब.’

‘आमच्याकडे हेच माप होतं, ताई. पेपर त्याच दिवशी येतो ते गाव जवळ. दुसऱ्या दिवशी येतो ते लांब. आणि जिथे येतच नाही, तिथली माणसं सुखी.’

डिसेंबरातली दुपार होती. पुण्यातल्या आमच्या छोट्या संशोधन संस्थेत, वरच्या मजल्यावर, मी त्यांच्या देशाचा रेल्वेचा नकाशा संगणकावर उघडून बसले होते. त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही, आणि त्यांचंही. पुण्यात त्यांना सगळे भाऊसाहेबच म्हणत. सात वर्षं ते ज्या मेसमध्ये जेवत होते तिथल्या मंदाकाकूंनी त्यांना एकदा विचारलं होतं, ‘इकडे शिकायला यायच्या आधी काय करायचास रे?’ ते म्हणाले, सरकारी कचेरीत खिडकीवर बसून लोकांच्या रेशन कार्डांवर शिक्के मारायचो. ‘म्हणजे आमच्या गावचे भाऊसाहेबच की तुम्ही,’ काकू म्हणाल्या. त्यांच्या गावाकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. नाव चिकटलं. मराठीही त्यांनी काकूंकडूनच उचलली होती, त्यामुळे रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारा हा माणूस ‘जळ्ळं मेलं’ म्हणायचा तेव्हा हसू आवरत नसे.

मी नकाशावर रेघ ओढत नेली. ‘राजधानी ते तुमचं गाव. हे आलं बघा, चारशे अकरा किलोमीटर.’

ते खुर्ची पुढे ओढून वाकून बघू लागले. गाडीमार्ग जिथे संपत होता त्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि काही वेळ ते उचललंच नाही.

‘हे स्टेशन,’ ते म्हणाले. ‘कचेरी स्टेशनात नाही. बाहेर पडलं की डावीकडे, विटांच्या भट्टीवरून, एक किलोमीटर चालत जायचं. चारशे बारा लिहा.’

मी चारशे बारा लिहिलं.

‘पण ताई, माझ्या गावाचं नाव कुठे येणार नाही ना? आई तिथे एकटीच आहे. मॅडमनी शब्द दिलाय म्हणून मी बोललो.’

‘गावाचं नाव कुठेच येणार नाही,’ मी म्हणाले. ते खरंच होतं.

मॅडम म्हणजे डॉ. शरयू केळुसकर. जुलमी राजवटी टिकतात कशा, या एकाच प्रश्नावर त्यांनी तीस वर्षं काढली होती. मी मिरजेहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आलेली तेवीस वर्षांची मुलगी. राज्यशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मुलाखतीत मी तसं सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, ‘बरंय. मला मतं असलेली माणसं खूप भेटतात. मोजणारी भेटत नाहीत.’

त्यांचं म्हणणं साधं होतं. ‘तुरुंग महाग पडतो, गौतमी. त्याला भिंती लागतात, पहारेकरी लागतात, आणि आतला माणूस मेला तर जगभर बोभाटा होतो. खिडकीला एक कारकून पुरतो. तो नाही म्हणतच नाही. पुढच्या आठवड्यात या म्हणतो.’ त्या देशातून बाहेर पडलेल्या चाळीस माणसांशी त्या चार वर्षं बोलल्या होत्या. दर तीन महिन्यांनी रेशन कार्डावर शिक्का लागायचा. त्या कार्डावर धान्य, दवाखाना, मुलांची शाळा, सगळं. कोणाचा भाऊ काही बोलला, कोणी सभेला गेलं नाही, की शिक्क्याला उशीर. चाळिसांतले बहुतेक जण खिडकीच्या बाहेर उभे राहिलेले. आत बसून बघितलेला एकच होता. तोच क्रमांक सतरा, भाऊसाहेब.

चाळीस जणांच्या उत्तरांचं कोष्टक बनवणं माझं काम. त्या कोष्टकाला मॅडमची एक चाळणी होती. कोष्टक छापून घ्यायचं, रंगीत पेन्सिली घ्यायच्या, आणि एकेक ओळ बघत जायचं: या ओळीवरून जो माणूस दिसतो तसाच दिसणारी आणखी निदान चार माणसं कोष्टकात आहेत का? पाच जण एकसारखे दिसले तरच ओळ पास. नाहीतर काहीतरी पुसट करायचं. वय चौतीस असेल तर ‘तीस ते चाळीस’. खिडकीवरचा कारकून असेल तर ‘सरकारी नोकर’. त्यात शिक्षक, टपालवाले, सगळे आले. गावाऐवजी ‘जवळ, मध्यम, लांब’.

मला ती चाळणी मनातून आवडायची नाही. नेमकी गोष्ट हातात असताना मुद्दाम अंदाजे सांगणं म्हणजे काय ते मला समजायचंच नाही. प्रयोगशाळेत असं केलं असतं तर सरांनी वही भिरकावली असती.

लेख एका परदेशी नियतकालिकाकडे गेला होता. मॅडम जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. हा लेख त्यांच्या शेवटच्या पुस्तकाचा पाया होता. माझं नाव छापून येणारा तो पहिलाच लेख. जानेवारीत परीक्षकांचा शेरा आला: राजधानीपासून लांब जावं तसा पोलिसांचा वापर कमी आणि खिडकीचा वापर जास्त, हा तुमचा मुख्य दावा आहे, पण ‘जवळ, मध्यम, लांब’ एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही. पंधरा दिवसांत उत्तर द्या, आणि मूळ कोष्टकही लेखासोबत सगळ्यांना पाहता येईल असं ठेवा.

माझ्याकडे किलोमीटर होते. चाळिसांपैकी प्रत्येकाचे मी ते गप्पा मारता मारता काढून ठेवले होते, कोणी सांगितलं नसताना, केवळ मला राहवलं नाही म्हणून. ते आकडे घातले आणि आलेख काढला. ठिपके असे सरळ रेषेत येऊन बसले की मी खुर्चीतून उठून उभी राहिले. एवढी सुंदर रेषा माणसांबद्दलच्या कोष्टकात मी त्याआधी पाहिली नव्हती. मग वाटलं, ‘सरकारी नोकर’ हेही पुसटच आहे; आतला आणि बाहेरचा यांत फरक दिसायला हवा. मी ‘खिडकीवरील कारकून’ असं परत घातलं.

त्याच आठवड्यात मॅडमचं दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी, औषधं, वाचायला बंदी. मी फोन केला.

‘मॅडम, अंतराचं गणित सुधारलंय. निकाल आता फार स्वच्छ येतोय.’

‘वा गं! आणि चाळणी केलीस ना?’

‘हो मॅडम.’

केली होतीच. आकडे घालायच्या आधी केली होती.

‘मग दे पाठवून. तुझ्यावर सोपवलंय म्हणजे मला बघायला नको.’

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेख आला. संस्थेत पेढे मी वाटले. मॅडमना अजून बारीक अक्षर वाचवत नव्हतं. त्यांनी फक्त माझ्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘ही तुझी सुरुवात.’

एप्रिलच्या मध्यावर भाऊसाहेब सकाळी अकरा वाजता आले. एरवी जिन्यावरूनच ‘आहे का चहा?’ म्हणून ओरडणारा माणूस दार ढकलून नुसता उभा राहिला.

‘या ना,’ मॅडम म्हणाल्या. त्यांना नवा चष्मा लागला होता. ‘असे उभे का?’

‘मॅडम, तुमचा लेख आमच्याकडे वाचतात बरं का.’

‘कोण वाचतं?’

‘दोन माणसं. आईकडे आली होती.’ ते बसले. ‘बहिणीने दुसऱ्या गावाहून फोन केला. चांगली माणसं होती म्हणाली. चपला बाहेर काढल्या, चहा घेतला. त्यांच्याकडे छापलेला कागद होता, त्यातल्या एका ओळीखाली रेघ मारलेली. म्हणाले, आजी, राजधानीपासून चारशे बारा किलोमीटरवर एकच कचेरी आहे, ती आपली. तिथल्या खिडकीवर त्या वर्षांत दोघे जण बसायचे. एक वारला. दुसरा तुमचा मुलगा. पुण्याला असतो ना तो? अभ्यास कसा चाललाय?’

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

‘मग आई शिक्का घ्यायला गेली,’ ते म्हणाले. ‘खिडकीवर आता कोणी नवा पोरगा आहे. आदबीनं म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेली, तर पुढच्या आठवड्यात या. तिचं इन्सुलिन त्या कार्डावर येतं. अकरा दिवसांचं उरलंय.’ आणि मग ते हसल्यासारखं करून म्हणाले, ‘तुमचा लेख बरोबर आहे, मॅडम. मी तपासून बघतोय.’

‘इथून औषध पाठवू आपण,’ मॅडम म्हणाल्या. ‘मी आजच बघते.’

‘ते थंड राहावं लागतं. सीमेवर दहा-दहा दिवस पडून असतं सामान.’

‘मग त्यांना हवंय काय?’

‘मी. मी जायचं, आणि जे सांगितलं ते सगळं खोटं होतं असं लिहून द्यायचं. मग शिक्का त्याच दिवशी.’

मॅडमनी टेबलावरचा अंक ओढून घेतला. कोष्टकाचं पान काढलं, चष्मा वर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांचं बोट सतराव्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे चाललं होतं. ‘खिडकीवरील कारकून’ यावर ते क्षणभर अडलं. पुढच्या रकान्यावर थांबलं. तो रकाना त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, कागद आड होता.

मग त्यांनी कागद खाली ठेवला.

‘हा रकाना मी घातला,’ त्या म्हणाल्या.

‘तुम्ही?’ भाऊसाहेब म्हणाले.

‘लेख माझा आहे. कोष्टक माझं आहे. शब्दही मीच दिला होता तुम्हाला.’

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रस्ता चुकलेला माणूस पाटीकडे बघतो तसं. मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. खोलीत एवढी मोकळी जागा झाली होती की एक वाक्य सहज मावलं असतं. मी संगणकावर एक फाइल उघडली आणि ती वर-खाली सरकवत राहिले. त्या फाइलमध्ये काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

‘असू दे,’ भाऊसाहेब शेवटी म्हणाले.

त्या दिवशीच मॅडमनी नियतकालिकाला कळवून कोष्टक काढायला लावलं, आणि दोन दिवसांनी लेखही मागे घेतला. कारण म्हणून त्यांनी लिहिलं की माहिती देणाऱ्यांच्या सुरक्षिततेत कसूर झाली आणि ती सर्वस्वी प्रमुख संशोधकाची आहे. संस्थेने चौकशी नेमली. उरलेल्या एकोणचाळीस जणांना मॅडमनी स्वतः फोन केले. काहींनी शिव्या घातल्या, त्या मी शेजारी बसून ऐकल्या. ‘बरोबर आहे तुमचं,’ एवढंच त्या म्हणत. पुस्तक तिथेच संपलं. मला त्या एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. रोज चहा आला की माझा कप माझ्याकडे सरकवायच्या, नेहमीसारखा.

वकिलांना भेटून झालं, दोन संघटनांना लिहून झालं. सगळीकडे उत्तर एकच: महिना-दोन महिने लागतील. भाऊसाहेबांनी सहाव्या दिवशी तिकीट काढलं. प्रबंध जमा करायला त्यांचे चार महिने उरले होते.

निघायच्या दिवशी दुपारी मी मेसमध्ये गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. वाक्य पाठ केलं होतं: तो आकडा मी घातला, मॅडमना माहीत नव्हतं. सात शब्द.

जेवणाची वेळ उलटून गेली होती. भाऊसाहेब एकटेच पानावर बसले होते आणि मंदाकाकू त्यांना वाढत होत्या.

‘आणखी एक पोळी घे.’

‘काकू, विमानात बसायचंय, उडायचं नाही.’

‘जळ्ळं मेलं ते विमान. खा. आणि हे घे.’ काकूंनी एक घट्ट बांधलेली पुडी त्यांच्यासमोर ठेवली. ‘शेंगदाण्याची चटणी. आईला दे. म्हणावं, पुण्यात एक बाई आहे, तिनं दिलीय.’

‘ती तिखट खात नाही.’

‘मग तू खा आणि तिला नुसती दाखव.’ काकू आत गेल्या. आत भांडी उगीचच मोठ्यांदा वाजली.

मी समोर बसले. ‘भाऊसाहेब…’

‘ताई, एक सांगायचं होतं,’ ते म्हणाले. ‘मला फोन करू नका. मेलही करू नका. उतरल्यावर ते सगळं आधी त्यांच्याकडे द्यावं लागणार. मॅडमनाही सांगा.’

‘सांगते.’

‘आणि मॅडमना सांगा, मी रागावलो नाही.’ त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. ‘त्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती ना? मी फळं घेऊन गेलो होतो बघायला. त्यांना कपसुद्धा हातात द्यावा लागत होता. अशा माणसाच्या हातून होते एखादी चूक.’

एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडे बघत थांबले.

डोळ्यांवर पट्टी असलेली बाई कोष्टकात रकाना घालू शकत नाही, हे काढायला संख्याशास्त्र लागत नाही. त्यांना माहीत होतं. त्यांनीच तर मला स्टेशनपुढचा तो एक किलोमीटर मोजून दिला होता. ते फक्त वाट बघत होते. त्या थांबण्यात धाकदपटशा नव्हता की काही नाही. मी बोलले असते तर ते बहुधा ‘असू दे’च म्हणाले असते.

‘सांगते मॅडमना,’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तो तुकडा खाल्ला. चार वाजता रिक्षा आली. काकू फाटकापर्यंत गेल्या. मी पायरीवर उभी होते. रिक्षात बसताना त्यांनी चटणीची पुडी मांडीवर दोन्ही हातांत धरली होती, सांडेल म्हणून.

पुढे काय झालं ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. मे महिन्यात त्यांच्या देशातल्या एका सरकारी पत्रकात चार ओळी आल्या: परकी संस्थांनी दिशाभूल केलेल्या एका नागरिकाने आपलं निवेदन मागे घेतलं आहे. नाव नव्हतं. शिक्का मिळाला का, आई वाचली का, ते त्या चार ओळींत नव्हतं.

मॅडमच्या निवृत्तीला आठवडा उरला होता तेव्हा मी पत्र लिहिलं. पाच पानं, हाताने, इंग्रजीत. ते फोन करू नका म्हणाले होते, मेल करू नका म्हणाले होते. पत्राबद्दल काही म्हणाले नव्हते. मी नेहमीच शब्दाला धरून चालणारी. काकूंनी एकदा त्यांच्या आईला दिवाळीचा फराळ पाठवला होता, तेव्हाचा पत्ता मी त्यांच्या वहीतून उतरवून घेतला. पत्रात मी काही म्हणता काही लपवलं नाही: रकाना, फोनवरचं ‘हो मॅडम’, ती फाइल, मेसमधली दुपार.

पत्र घेऊन मी मॅडमकडे गेले. त्या कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होत्या. त्यांनी खिडकीशी उभं राहून पाचही पानं वाचली, एकेक पान डोळ्यांजवळ धरून.

‘चांगलं लिहिलंयस,’ त्या म्हणाल्या.

‘मॅडम, तुम्ही त्या दिवशी मी केलं असं का म्हणालात?’

‘त्याला त्या दिवशी दोष द्यायला एक माणूस पुरे होता. आणि तुला अजून सगळं करायचं होतं.’ त्यांनी पानं नीट एकावर एक जुळवली. ‘पण तू मला मध्येच अडवशील असं वाटलं होतं. मी थांबले होते गं थोडी.’

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. जवळ आल्या नाहीत.

‘आज टाकते पोस्टात,’ मी म्हणाले.

‘गौतमी, आपल्या प्रश्नावलीतला एकतिसावा प्रश्न कोणता होता?’

मला पाठ होता. परदेशातून आलेलं पत्र तुमच्या हातात पडण्यापूर्वी उघडलं जायचं का? चाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी ‘होय’ म्हटलं होतं. एक जण म्हणाला होता, मला कधी पत्रच आलं नाही. ती टक्केवारी मीच काढली होती.

भाऊसाहेबांनी लिहून दिलं होतं की सगळं खोटं होतं. आणि माझ्या हातात माझ्या सहीची पाच पानं होती, की ते प्रत्येक आकड्यानिशी खरं होतं.

मॅडमनी पत्र माझ्या हातात दिलं आणि परत पुस्तकं भरू लागल्या. थोड्या वेळाने मीही वाकून भरू लागले.

त्याला आता चौदा वर्षं झाली. मॅडम चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचाच विषय मी शिकवते. मुलं विचारतात, माणसं एवढं सहन का करतात, कोणीच कसं बोलत नाही? मी त्यांना खिडकीबद्दल सांगते. उदाहरण देत नाही.

ते पत्र मी पाठवलं नाही आणि फाडलंही नाही. दर एक-दोन वर्षांनी वाटतं, जग बदललंय, आता कदाचित पाठवता येईल. मग मी ते काढून बसते आणि ज्याने कोणी ओळखू येईल ते खोडते. आधी मायना खोडला, मग गाव. मग कचेरी, मेस, इन्सुलिन, मॅडमचे डोळे. दोन वर्षांपूर्वी खाली माझी सही होती तीही खोडली. पाच पानांत आता जेमतेम चार वाक्यं उरली आहेत. माझी चूक होती, मी तेव्हा बोलायला हवं होतं, असं काहीतरी. ती आता कोणीही, कोणालाही लिहिलेली असू शकतात.